हे अक्षर कुणाचं?

आमच्या बँकेत तेरीज जुळली नाही की पहिला प्रश्न ठरलेला असायचा : फरकाला नवाने भाग जातो का? जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे मांडलेत, ७३ चे ३७ किंवा ५४ चे ४५. जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेचं नावे पडलं की फरक दुप्पट होतो. वाई तालुक्यातल्या एका लहानशा सहकारी बँकेत या दोन युक्त्यांवर मी पहिली वीस वर्षं काढली. मार्चअखेरीला रात्रीचे साडेनऊ वाजायचे, शिपाई तिसऱ्यांदा चहा आणायचा, आणि कुणीतरी अचानक ओरडायचं, "सापडली!"

मग दुसरा प्रश्न : हे अक्षर कुणाचं? विचारायची तशी गरज नसे. आमच्या एका सहकाऱ्याचे १ आणि ९ एकाच आईची लेकरं होती. दुसऱ्याचं शून्य वर उघडं राहायचं. ज्याची चूक त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भजी खिलवायची. चुकीला माणूस होता, तो समोरच्या टेबलावर बसलेला असायचा, आणि पुढच्या महिन्यात तोच माझी चूक काढणार हे मलाही ठाऊक होतं.

१९९९ साली संगणक आला. बटण दाबलं की तेरीज जुळलेलीच बाहेर येऊ लागली. पहिल्या मार्चअखेरीला मी उजेडात घरी पोचले, तर सासूबाईंना वाटलं मला बरं नाही. मी त्या यंत्रावर लट्टू झाले होते. हे आधीच कबूल करते, कारण पुढची गोष्ट मला भूषणावह नाही.

आमच्याकडे एक पिग्मी एजंट होते. त्यांना इथे सदाभाऊ म्हणते. दिवसभर बाजारपेठेत फिरून लहानमोठ्या रकमा गोळा करायच्या, हातातल्या मशीनवर खातं नंबर आणि रक्कम दाबून दुकानदाराला पावती फाडून द्यायची, संध्याकाळी बँकेत येऊन मशीन संगणकाला जोडायचं आणि पिशवी टेबलावर रिकामी करायची. २००६ च्या पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी संगणक म्हणाला ११,६४० आणि पिशवी म्हणाली ९,२९०. तूट २,३५०.

सदाभाऊंनी नोटा तीनदा मोजल्या. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक बोटभर जाडीची डायरी काढली. मशीन हातात आल्यापासून ते गुपचूप पेन्सिलीने प्रत्येक रक्कम तिच्यात लिहीत होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "मॅडम, ओळ न् ओळ आहे. बेरीज करून बघा." मशीनमधली बेरीज बघायची सोय उरली नव्हती, कारण डेटा संगणकात चढला की मशीन रिकामं होई. आणि त्या संध्याकाळी लाइट जाऊन आल्यामुळे डेटा दोनदा चढवावा लागला होता. हे मला माहीत होतं. मी स्वतःच तो दुसऱ्यांदा चढवला होता.

मी म्हणाले, "सदाभाऊ, डायरी काय, कुणीही लिहील. मशीन चुकत नाही."

चार महिने त्यांच्या कमिशनमधून ते पैसे कापले गेले. पाचव्या महिन्यात त्यांनी काम सोडलं. बाजारपेठेत कुजबुज व्हायची ती झाली. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न त्याच वर्षी झालं होतं, त्यामुळे लोकांना कारणही आयतंच सापडलं.

पुढे एक चहाच्या टपरीवाले पिग्मीचं खातं बंद करायला आले. वर्षभराच्या पावत्या त्यांनी तारेला टोचून ठेवल्या होत्या. म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे माझे दोनशे जास्त दिसतायत." जास्त! कमी असते तर आम्ही त्यांनाही घरी पाठवलं असतं. जास्त होते म्हणून उकरलं. त्या संध्याकाळच्या चौदा पावत्या, क्रमांकासकट, दोनदा जमा झालेल्या होत्या. सॉफ्टवेअर पुरवणारा मुलगा पुण्याहून आला, पडद्याकडे बघत म्हणाला, "अपलोड मधेच तुटला की होतं असं कधीकधी. नव्या व्हर्जनमध्ये आम्ही काढलंय ते." काढलंय! म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

पैसे परत द्यायला मी सदाभाऊंच्या घरी गेले. वहिनींनी चहा केला. पाकीट सदाभाऊंनी न मोजता ठेवून दिलं, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "पैशाचं नाही मॅडम. तुम्ही डायरी उघडूनसुद्धा बघितली नाहीत."

निवृत्त झाल्यावर मी गावातल्या एका वृद्ध शास्त्रीजींकडे आठवड्यातून दोनदा न्यायशास्त्रावरचा तर्कसंग्रह वाचायला जाऊ लागले. वाईत असं करता येतं. या गावातल्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा मीमांसाकोश सिद्ध केला. इथे निवृत्त कारकुनीण प्रामाण्यवादावर बोलू लागली तर कुणाला नवल वाटत नाही, फार तर आगाऊपणा वाटतो. तो पत्करून लिहिते.

वाद जुना आहे. एखादं ज्ञान झालं, तर ते खरं आहे हे कशावरून ठरवायचं? नैयायिक म्हणतो, बाहेरून. लांब पाणी दिसलं; जा, ओंजळ भर, तहान भागली तर पाणी खरं. मीमांसक म्हणतो, असं प्रत्येक वेळी तपासायला लागलात तर त्या तपासणीची तपासणी कोण करणार, आणि तिची कोण? जगणंच थांबेल. ज्ञान आपलं प्रामाण्य सोबतच घेऊन येतं. त्याला खोडणारं दुसरं ज्ञान आलं, किंवा ते ज्या कारणापासून उपजलं त्यातच दोष सापडला, तर आणि तरच ते सोडायचं.

मला वाटलं, झालं, निकाल लागला. मी शास्त्रीजींना सदाभाऊंची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "त्या संध्याकाळी मी मीमांसक होते, तिथेच चुकले. नैयायिकासारखं तपासायला हवं होतं."

शास्त्रीजी हसले. "ताई, मीमांसकाला उगाच बदनाम करू नका. तो आधी विश्वास ठेवतो, पण बाधक ज्ञान समोर आलं की ऐकतो. तुमचं बाधक तर डायरी होऊन टेबलावर येऊन बसलं होतं. कारणातला दोषही, ते लाइट जाणं, तुम्हाला ठाऊक होता. तुम्ही नैयायिक नव्हता आणि मीमांसकही नव्हता."

मग कोण होते मी? यावर मी बरेच दिवस घालवले. मला वाटतं, मीमांसकांनी फक्त वेदापुरता राखून ठेवलेला एक युक्तिवाद मी बँकेत वापरत होते. वेद अपौरुषेय, त्याला कर्ता नाही. आणि शब्दात दोष शिरतो तो बोलणाऱ्याकडून, त्याच्या अज्ञानातून, लोभातून, विसरण्यातून. बोलणाराच नाही तर दोष कुठून येणार? वेदाचं काय ते जाणकार बघतील, मी वारकऱ्याच्या घरातली. पण यंत्रापुढे आपण सगळे असाच विचार करतो. यंत्राला लोभ नाही, त्याच्या मुलीचं लग्न नाही, ते कशाला खोटं बोलेल? सदाभाऊंना मुलगी होती. मुलगी असणं हाच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला.

संगणकावरच्या आकड्याला अक्षर नसतं. सगळे सात सारखे, सगळी शून्यं मिटलेली. म्हणून तो आकडा कुणी लिहिला हा प्रश्नच मनात उठत नाही. लिहिलेला मात्र असतो. कुणीतरी पुण्यात बसून, अपलोड तुटला तर काय करायचं हे लिहायला विसरलेला असतो.

नैयायिकांची आप्ताची व्याख्या मला म्हणूनच आवडते. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर म्हणतात की ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही हे लक्षण सारखंच लागू. कुळ बघू नका, हुद्दा बघू नका. या कसोटीवर त्या खोलीत आप्त एकच होता, पेन्सिलवाला. यंत्राने एकही नोट पाहिलेली नव्हती.

२०२४ च्या जानेवारीत माझ्या भाच्याने लंडनहून फोन केला. तिथे टीव्हीवर एक मालिका लागली होती आणि सगळा देश खवळला होता. "मावशी, तुझीच गोष्ट आहे," तो म्हणाला. ब्रिटिश पोस्टात १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली गेली. गावोगावच्या सब-पोस्टमास्तरांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. करारानुसार तूट त्यांनीच भरायची. कुणी घर गहाण टाकलं, कुणी भावाकडून उसने आणले. नऊशेंहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या, त्यातले बहुतेक खटले खुद्द पोस्टानेच चालवलेले. सीमा मिश्रा नावाच्या बाईला २०१० मध्ये तुरुंगात पाठवलं तेव्हा त्या गरोदर होत्या. मदत मागायला फोन केला की पुष्कळांना एकच उत्तर मिळे : असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

हे वाक्य मी नंतर मिळवून पुन्हा पुन्हा वाचलं. बाधक ज्ञान शेकड्यांनी येत होतं, पण प्रत्येकाला एकटं ठेवल्यामुळे ते बाधक ठरतच नव्हतं. वेल्समधल्या अ‍ॅलन बेट्स यांनी या एकेकट्यांना गाठून एकत्र आणलं. ५५५ जणांच्या दाव्यात २०१९ साली न्यायालयाने सांगितलं की प्रणालीत दोष होते, आणि प्रणाली बनवणाऱ्या फुजित्सूची माणसं पोस्टमास्तरांच्या नकळत, लांबून त्यांच्या हिशेबात फेरफार करू शकत होती. म्हणजे दुसऱ्याच्या खतावणीत अक्षर न उमटवता लिहिता येत होतं! त्यातला एक दोष तर ओळखीचाच निघाला. २०१५ मध्ये डॅलमेलिंग्टन नावाच्या गावी पडदा गोठला, बाईंनी पुन्हा पुन्हा एंटर दाबलं आणि ८,००० पौंडांची एकच रवानगी चारदा नोंदली गेली. फरक २४,०००. मी फोनवरच भाच्याला म्हटलं, "नवाने भाग नाही जात." तो गोंधळला.

मला सर्वांत अस्वस्थ केलं ते कायद्याच्या गोष्टीने. इंग्लंडात पूर्वी संगणकाचा पुरावा द्यायचा तर तो नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. ते कलम १९९९ च्या कायद्याने काढून टाकलं, म्हणजे होरायझन बसायला लागली त्याच वर्षी. त्यानंतर संगणक बरोबरच आहे असं धरून चालायचं. चुकला असं म्हणणाऱ्याने ते दाखवून द्यायचं. गावातल्या पोस्टमास्तराने, ज्याला त्या यंत्राच्या पोटातलं काहीही बघायला मिळत नाही, त्याने. मीमांसकाचं स्वतःप्रामाण्य घेतलं आणि बाधकाचं दार लावून घेतलं.

आपल्याकडे मात्र संगणकाच्या कागदासोबत माणसाची सही लागते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही याच्या चित्रफितीवरून. २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं, मूळ यंत्र समोर आणलं नसेल तर जबाबदार व्यक्तीचं प्रमाणपत्र हवंच. वाचून मला आधी फार बरं वाटलं. अक्षर कुणाचं, हा आमचाच प्रश्न तर न्यायालय विचारत होतं. मग आठवलं की शाखेची अकाउंटंट म्हणून खातेउताऱ्यांसोबत अशा प्रमाणपत्रांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत. मजकूर छापील असे : संगणक व्यवस्थित चालू होता. तो व्यवस्थित चालू होता हे मला कुठून ठाऊक असणार? पंखा फिरत होता आणि पडदा उजळत होता, एवढंच मी सांगू शकले असते.

माझं माहेर कोकणातलं. आमच्या ग्रामदेवतेला कौल लावतात. मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या आजीची देवावर इतकी श्रद्धा की कौलाशिवाय तिने विहीर खणायला घेतली नाही. पण पाकळ्या चिकटवताना ती गुरवाच्या बोटांकडे टक लावून बघायची. उजव्या पाकळीला पाणी कमी लागलं असं वाटलं तर सगळ्यांसमोर म्हणायची, "परत लाव." आणि तो निमूट परत लावायचा. त्यात देवाचा अपमान झाला असं कुणालाही वाटत नसे. श्रद्धा देवावर होती, बोटं गुरवाची होती. मी शिकले-सवरलेली, दोन युक्त्यांनी तेरीज जुळवणारी. "परत लाव" एवढं म्हणायला मला त्या संध्याकाळी काय झालं होतं?

सदाभाऊ आता मुलाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसतात. शेजारी तो बोलका डबा असतो, पैसे आले की रक्कम ओरडून सांगणारा. परवा मी पोहे आणि गूळ घेतला, पंचेचाळीस रुपये झाले. फोनवरून पाठवले, डबा बोलला, मी पिशवी उचलली.

"थांबा मॅडम."

गल्ल्यात डायरी उघडी होती. पेन्सिलीने ४५ लिहिलेलं होतं. त्यांनी डब्याकडे बोट केलं. "हा चोपन्न म्हणाला." फोन बघितला. डबा खरं बोलत होता, मी ५४ पाठवले होते.

त्यांनी एक पाचाचं आणि दोन दोनाची नाणी काउंटरवर मांडली. मी डायरी माझ्याकडे वळवून घेतली, वरपासून सगळी बेरीज केली, आणि म्हटलं, "नवाने भाग जातोय, सदाभाऊ."

"मग अक्षर तुमचं," ते म्हणाले.