एकाच दोराला हात

उत्तनच्या समुद्रात डोल ओढणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून उभं असलेलं ते लांबलचक जाळं बोंबील-करंदीसकट बोटीत घ्यायचं, तर सगळ्या खलाशांचे हात एका तालात चालावे लागतात.

या तालाचा मेंदूशी संबंध आहे. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवरचा एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. खेळाडू तेच, श्रमही तेवढेच. पण एकट्याने वल्ही मारल्यापेक्षा सोबतीने मारल्यावर दंडाला आवळलेला पट्टा त्यांना जास्त सोसवला. मेंदूतली एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्यं यामागे असावीत, असं संशोधकांनी म्हटलं.

मग दर्यावर भांडणं नाहीत? आहेत की! डोलीसाठी खुंट रोवतात, त्याला कव म्हणतात. या कवींच्या जागांवरून वसई-उत्तन आणि पालघर-डहाणूच्या मच्छीमारांत वर्षानुवर्षं वाद धुमसतो आहे.

असं वैर कसं ओसरतं, हे एका प्रयोगात दिसलं. १९५४ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी शिबिरातल्या मुलांचे दोन गट पाडले. स्पर्धा लागताच शिवीगाळ झाली, झेंडे जाळले गेले. एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. बंद पडलेला ट्रक दोन्ही गटांनी मिळून दोराने ओढला, पाण्याची अडचणही मिळून सोडवली, तेव्हा कुठे वैर ओसरलं.

दर्यावरच्या दोन्ही गटांपुढेही असं समाईक काम आहे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी उत्तनला लागू, तशीच डहाणूलाही. माशांची वीण टिकली तरच दोन्हीकडची जाळी भरणार. कवींच्या वादावर बसणाऱ्यांनी बोलणी तिथूनच सुरू करावीत.