खिरापत कुणी फोडली?

नवरात्रात पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये भोंडला रंगतो. पाटावर हत्ती, भोवती फेर आणि शेवटी खिरापतीचा झाकलेला डबा. “गोड की तिखट?” “ओली की कोरडी?” अशी विचारणा सुरू होते न होते तोच यजमानांची तीन वर्षांची धाकटी ओरडते, “आईने खांडवी केलीये!” सगळ्याजणी हिरमुसतात, आई डोळे वटारते. सहा वर्षांची थोरली मात्र ओठ घट्ट मिटून उभी असते. कुणाचा अंदाज भलतीकडे गेला की गालातल्या गालात हसते.

धाकटी आगाऊ नसते. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसेल, हे अजून तिच्या गावीच नसतं. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. माक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परतल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांच्या मुलांनी बहुधा दुसरं कपाट दाखवलं. त्यांना चॉकलेट कुठे आहे ते माहीत होतं, मग माक्सीला नसेल कसं? चौथ्या वर्षानंतर उत्तर बदलू लागलं. पुढे भारत, पेरू, सामोआ, थायलंड आणि कॅनडातल्या मुलांवर अशाच प्रकारचा प्रयोग झाला. तीन ते पाच या वयातच ही उमज येते, असं तिथेही दिसलं.



ही उमज आली की मूल गुपित राखू शकतं. आणि पटण्याजोगं खोटंही बोलू लागतं. एकाच कुवतीची ही दोन तोंडं. कुवत वयाबरोबर येते. ती कुठे वापरायची, ते मूल घरात बघून ठरवतं.

आपण सोफ्यावर लोळत फोनवर सांगतो, “सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलोय.” तीन वर्षांचं मूल ओरडतं, “बाबा, आपण तर घरीच आहोत!” सहा वर्षांचं गप्प बसतं. पुढे तेच गृहपाठाबद्दल थाप मारतं, तेव्हा त्याला रागावण्याआधी आपले फोन आठवून पाहावेत.