कापूस कुठं आहे?

कॅमेरा सव्वा लाखाचा घेतलास. पैसा तुझा, पेन्शन तुझी, त्यावर मी बोलणार नाही. घरच्यांनी काय बोलायचं ते बोलून झालंच असेल. मी बोलणार आहे फोटोंवर. आणि बस म्हणेपर्यंत खुर्चीला हात लावायचा नाही.

हे काय आहे? वेचणी म्हणतोस. बाई दिसते, तिच्या कमरेची ओटी दिसते, मागं पऱ्हाटीच्या ओळी दिसतात. कापूस कुठं आहे? ओटीतून वर आलेल्या ढिगाच्या जागी नुसता पांढरा डाग. एक धागा नाही, आतल्या सरकीचा उंचवटा नाही, बोंडातून ओढताना चिकटून आलेला वाळल्या पानाचा चुरा नाही. तेवढ्या जागेवर कागद कोरा राहिलाय. अख्खा जन्म यवतमाळ जिल्ह्यात काढलास, पांढऱ्या सोन्यावर चहाच्या टपरीवर तासभर बोलतोस, आणि तुला कापसाचा फोटो काढता येत नाही? काऊन?

‘सर, निगेटिव्हवर असं कधी व्हायचं नाही.’ कसं होईल? निगेटिव्ह एखाद-दोन स्टॉप जास्तीचा उजेड निमूट पचवायची. सावलीसाठी एक्स्पोजर द्यायचं, उजेडाचं प्रिंट करताना बघून घ्यायचं, हा धडा तू माझ्याच डार्करूममध्ये शिकलास आणि त्या फिल्मसाठी तो चोख होता. सेन्सरचा हिशेब उलटा. पायली भरली की वरचे दाणे जमिनीवर, तसं त्याच्या एकेका बिंदूचं. भरला की भरला. पुढचा उजेड त्याला मोजताच येत नाही. मग संगणकावर बसून कितीही खटपट कर, तिथं २५५, २५५, २५५ याखेरीज काही सापडायचं नाही. सावलीतलं मात्र बरंच वर उचलता येतं. म्हणजे डिजिटलवर आधी उजेड सांभाळायचा, सावली नंतर. स्लाइड वापरणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेलं होतं. तू स्लाइडच्या वाटेला गेला नाहीस, परवडत नव्हती, ठीक. पण तीन महिने झाले कॅमेरा घेऊन. पुस्तिकेचं प्लास्टिक तरी फाडलंस का?

आता हा दुसरा. जिनिंगच्या आवारातली गंजी. हा कापूस राखाडी. एका कॅमेऱ्यानं, एका दिवशी, एकाच जातीच्या कापसाचे दोन रंग काढून दाखवलेस, याबद्दल टाळ्या वाजवू का? मीटरचं डोकं पूर्वी चालायचं तसंच अजून चालतं. समोर जे येईल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. शेतात फ्रेमभर काळी जमीन आणि गर्द पऱ्हाटी. त्याला वाटलं अंधार आहे, त्यानं उजेड वाढवला, ओटीतला मूठभर कापूस जळाला. गंजीसमोर फ्रेमभर पांढरं. त्याला वाटलं उजेड फार झाला, त्यानं कमी केला, कापूस मळला. शेतात एक स्टॉप खाली उतरायचं, गंजीपुढं एक-दीड वर चढायचं. त्यासाठी बोटाखाली एक चाक दिलंय आणि तुझा अंगठा दिवसभर त्यावरच असतो. पेंटॅक्स के-१००० वर तू हे मनात हिशेब करून करायचास. आता व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो निघायच्या आधीच तो कसा येणार ते दिसतं, जळणाऱ्या जागेवर पट्टे नाचतात, कोपऱ्यात हिस्टोग्राम असतो. सगळं दिसत असताना चुकायचं म्हणजे त्याला वेगळी साधना लागते.

हिस्टोग्रामही नुसता पांढरा बघू नकोस. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही वेगवेगळे लाव. पळसाचे फोटो आणलेस ना, यवतमाळ-पांढरकवडा रस्त्यावरचे? एकूण आलेख नीट मधोमध होता म्हणून तू खूश. पण लाल रंग केव्हाच उजव्या भिंतीला जाऊन आपटला होता. म्हणून पाकळीवरची लव गेली, शिरा गेल्या, नुसता शेंदरी ठिपका उरला. बंजारा बायांच्या लाल पेहरावाचं तेच होणार, पोळ्याला रंगवलेल्या बैलांच्या शिंगांचंही तेच. आणि तू अजून जेपेग काढतोस. एका रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवून बाकीच्या कॅमेऱ्यानं फेकून दिल्या. रॉ फाइलमध्ये चौदा बिटांच्या हिशेबानं १६,३८४ असतात. निगेटिव्ह धुऊन झाल्यावर फेकून देऊन फक्त पोस्टकार्ड साइजची प्रिंट घरी नेणारा माणूस तू कधी पाहिलास?

टिपेश्वर अभयारण्य. सुन्ना गेट, सकाळची सफारी, वाघीण जिप्सीसमोर आडवी आली, हे तू कॉलनीभर सांगून आलास. माझ्यापर्यंत तुझ्या आधी पोचलं. फोटोत तिच्या अंगावरचा एकेक पट्टा दोनदा उमटलाय. आयएसओ चारशे, शटर साठ. चारशे मिलिमीटरच्या लेन्सवर साठचं शटर! लेन्स जेवढी लांब, तेवढं तरी शटर हवं, हे हातात ऑर्वोचा रोल धरता येत नव्हता तेव्हापासून तुला ठाऊक आहे. मग असं का केलंस? तर ‘आयएसओ वाढवला की दाणे येतात.’ एनपी २७ फिल्म ओढून धुतल्यावर जे दाणे यायचे त्यांची धास्ती घेऊन तू २०२० नंतरचा सेन्सर चालवतोस. अरे, सागवानातल्या त्या पहाटेला ३२००, ६४०० लावायला हेच तर मशीन घेतलंस! दाणे नंतर कमी करता येतात. हललेली वाघीण कुणाच्या बापाला थांबवता येत नाही. कॅमेऱ्यात स्थिरीकरण आहे म्हणतोस, ते तुझा हात थांबवतं. तिचे पाय थांबवायला शटरच लागतं. आणि जिप्सीवाल्याला इंजिन बंद करायला सांगायची लाज वाटली का?

त्यातल्या त्यात एक फोटो स्थिर आहे. त्यात गवत झकास आलंय. गवताचं एकेक पातं मोजून घ्यावं, वाघीण मागं धुक्यात. सगळी फ्रेम ऑटोफोकसच्या हवाली केलीस; त्यानं जवळचं धरलं, त्याची काय चूक? उघड्यावर जनावराचा डोळा पकडणारी ती सोय खरोखर उत्तम आहे, मीही मानतो. पण मध्ये उंच गवत आलं की एक बारीक बिंदू निवडून तो तिच्या तोंडावर ठेवायचा. कुठं मशीनचं ऐकायचं आणि कुठं त्याच्या हातून लगाम काढून घ्यायचा, एवढंच तर अनुभवी माणसाकडून अपेक्षित असतं. दुर्गोत्सवातही तीच तऱ्हा: देखाव्यावर आडवे काळे पट्टे आले म्हणून तू कॅमेरा बिघडला समजलास. इलेक्ट्रॉनिक शटर ओळीओळीनं वाचतं, मंडपातले एलईडी विजेच्या तालावर लुकलुकतात, त्याचे ते पट्टे. यांत्रिक शटर लाव, आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, तेव्हा शंभर किंवा पन्नासवर ये. बहुतेक पट्टे जातील. कॅमेरा दुरुस्तीला नागपूरला नेऊ नकोस.

माझा राग या चुकांवर नाही. नवं मशीन आहे, चुकशील, शिकशील. राग याचा की जे टाकायचं होतं ते उराशी धरून बसलास आणि जे धरायचं होतं ते टाकलंस. फिल्मचं एक्स्पोजर धरलंस, आयएसओची भीती धरली, आणि ‘आमच्या वेळी’ तर दर वाक्याला धरतोस. टाकलंस काय? छत्तीसच्या रोलमधून हट्टानं अडतीस काढणारा तू, एका फ्रेमसाठी कळंबच्या चिंतामणीला दोन-दोन तास पायरीवर बसून राहणारा तू, आता सेकंदाला वीस फोटो झाडतोस. एका सफारीत दोन हजार! त्यातले पाहिलेस किती? पुसलेस किती? घरी तेवढ्याच कौतुकानं सगळे हार्ड डिस्कमध्ये कोंबलेस. डिस्क एकच, प्रत कुठं नाही. ती हातातून पडेल त्या दिवशी माझ्याकडे रडत येऊ नकोस. आणि क्लिक झालं की मान खाली, पडद्यावर! त्या वाघिणीनं तू मान खाली घातली असताना वळून पाहिलं असेल.

वही कुठं आहे? निळ्या पुठ्ठ्याची वही होती तुझी. रोल नंबर, फ्रेम नंबर, ॲपर्चर, गाव, माणसाचं नाव. ‘आता सगळं फाइलमध्ये असतं.’ फाइलमध्ये शटर असतं, लेन्स असते. त्या बाईचं नाव असतं? शेत कुठल्या शिवारातलं, ते सीतादहीच्या दिवशीचं की शेवटच्या वेचणीचं, हे असतं? तारीख असते म्हणशील, तर तीही नाही. घड्याळच लावलं नाहीस, तुझे सगळे फोटो १ जानेवारीला काढलेले आहेत! याच टिपेश्वरात जन्मलेला एक वाघ २०१९ मध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातून तीन हजार किलोमीटरच्या वर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, जागांची नोंद होत होती, म्हणून ती हकिकत जगाला कळली. नोंद नसती तर ज्ञानगंगेत कुठून तरी एक वाघ आला, एवढंच. तुझ्या दोन हजार फाइलींची अवस्था तशी आहे.

कोलाम पोडावरच्या त्या म्हाताऱ्याला प्रिंट नेऊन दिलीस? पूर्वी द्यायचास. पुढच्या खेपेला जाताना खाकी पाकीट तुझ्या पिशवीत असायचंच. आता म्हणतोस, ‘नातवाच्या मोबाइलवर पाठवला.’

आणि ते बिनआवाजाचं शटर. याच्यावर मी मुळीच हसणार नाही. पूर्वी कॅमेरा खटकन वाजायचा, समोरच्याला कळायचं की आपला फोटो निघाला. तो नको म्हणू शकायचा, किंवा पदर सावरून उभा राहायचा. आता कुणाला पत्ता लागत नाही. पक्ष्यापुढं वापर, कीर्तनात वापर. ज्या घरातला कर्ता माणूस गेलाय त्या ओसरीवर वापरलास तर मला तोंड दाखवू नकोस. आपल्या जिल्ह्याचं दुःख टिपायला बाहेरून कॅमेरे कमी नाही आले, बाप्पा. तू इथला आहेस. तुला परत त्याच गावाच्या बाजारात जायचंय.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी तुला बोलावलंय. शकुंतलेच्या निगेटिव्ह कुठं आहेत?

खाली बघू नकोस. यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंद मार्गावरच्या शकुंतला गाडीला वाफेचं इंजिन होतं, तेव्हाचे तुझे रोल. १९९४ मध्ये ते इंजिन गेलं, डिझेल आलं. पुढं गाडीच बंद पडली. कापूस वाहायला टाकलेली ती लाइन, दारव्ह्याच्या स्टेशनातली गर्दी, डब्याच्या दांडीला लटकलेली पोरं, हे आता सव्वा लाखाच्या नव्हे, सव्वा कोटीच्या कॅमेऱ्यानंही निघायचं नाही. तुझ्याकडे ते आहे आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे. झाकण उघडून वास घे. व्हिनेगरसारखा आंबूस आला तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजायला लागलाय, आणि ते एकदा सुरू झालं की थांबत नाही. गार-कोरड्या जागी ठेवून लांबवता येतं तेवढंच. पावसाळ्यात बुरशी लागली असेल ती वेगळी.

आणि तू स्कॅनर महाग म्हणून रडत बसलास! हातात काय आहे? मॅक्रो लेन्स घे. विकत नको, भाड्यानं मिळते. खाली एकसारख्या उजेडाचा एलईडी फलक, त्यावर निगेटिव्ह, ती वाकू नये म्हणून चौकट. कॅमेरा वरून सरळ खाली, फिल्मला अगदी समांतर. आरसा ठेवून तपास, त्यात लेन्स स्वतःलाच मधोमध दिसली पाहिजे. खोलीतले बाकीचे दिवे बंद. आयएसओ शंभर, ॲपर्चर आठ, रॉ, दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का नको. धूळ ब्लोअरनं उडव, तोंडानं फुंकलीस तर थुंकी बसेल. मग संगणकावर उलटं करून पॉझिटिव्ह. एका संध्याकाळी दोन-तीन रोल आरामात होतात. इथं तुझं जुनं ज्ञान पुन्हा कामाला येईल: कुठली निगेटिव्ह पातळ, कुठली जाड, कुठं आकाश थोडं दाबायचं, हे तुझ्याइतकं त्या दुकानातल्या पोराला कळणार नाही. आणि प्रत्येक फ्रेमपुढं वहीतली नोंद उतरवून काढ. वही सापडली नाही तर आठव. अजून आठवतंय तोवर आठव.

येत्या रविवारी सकाळी ये. शकुंतलेचा पहिला रोल पुरा करून, आणि वेचणीचे फक्त पाच फोटो, नव्यानं काढलेले. मोबाइलवर दाखवायचे नाहीत. ए-फोर कागदावर प्रिंट, मागं पेन्सिलीनं गाव आणि नाव. मी ते खिडकीपाशी नेऊन कापसाचे धागे मोजणार आहे. दुसरी बॅटरी भरून आण. तुझा पेंटॅक्स मीटरपुरतीच वीज मागायचा, याचा व्ह्यूफाइंडरच ती पितो, आणि मागच्या खेपेला अर्ध्या तासात तू माझ्या घरातला प्लग शोधत फिरत होतास.

हं, बस आता. चहा घेशील?