भरलेली टाकी दाखवणारा काटा

शास्त्रपाठ : प्रकटीकरण ३:१४-२२

शहापूरहून निपाणीला मोटारीने जायचे म्हणजे पाऊणशे किलोमीटरांच्या आसपासची वाट, आणि निपाणीच्या अलीकडे तवंदीचा घाट. समजा, त्या घाटात गाडी आचके देऊन थांबली. चालक समोर पाहतो, तर पेट्रोलचा काटा टाकी भरलेली दाखवतो आहे! मग तो बॉनेट उघडतो, प्लग काढून पुसतो, बॅटरीच्या वायरी हलवतो. टाकीकडे मात्र जात नाही. काट्याने तो संशयच त्याच्या मनातून काढून टाकलेला असतो.

बंधुभगिनींनो, आज या काट्याविषयी थोडे सविस्तर बोलू. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना मुलांपुढे फळ्यावर चित्र काढून दाखवता यावे, म्हणून यंत्राचा भाग मुद्दाम लांबवतो.

टाकीत एका दांडीच्या टोकाला पोकळ फ्लोट तरंगत असतो. पेट्रोलबरोबर तो वरखाली होतो आणि त्याप्रमाणे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध बदलतो. तिथून एक वायर चालकासमोरच्या काट्यापर्यंत जाते. पुष्कळ जुन्या गाड्यांत टाकी भरली की विरोध कमी होतो आणि काटा चढतो. (काही गाड्यांत नेमके उलट असते, म्हणून आधी आपल्या गाडीचे पुस्तक पाहावे. हल्लीच्या संगणकाच्या गाड्यांत तर जाणकारावाचून वायरीला हातच लावू नये.)

काटा सदा ‘रिकामी’ दाखवत असेल, तर मिस्त्री टाकीच्या युनिटची वायर सोडून क्षणभर गाडीच्या पत्र्याला टेकवतो. काटा चढला, तर काटा आणि वायर ठीक. दोष युनिटचा, छिद्र पडून बुडालेल्या फ्लोटचा किंवा गंजलेल्या अर्थचा. काटा सदा ‘भरली’ दाखवत असेल, तर वायर नुसती सोडायची. काटा खाली आला, तर युनिट बिघडले आहे किंवा फ्लोट वरच अडकला आहे. वायर सोडूनही काटा वरच राहिला, तर एक तर काटाच बिघडला आहे, नाहीतर ती वायर वाटेत कुठेतरी सोलवटून पत्र्याला टेकली आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. म्हणून हे काम उघड्यावर, विडीकाडी दूर ठेवून करतात, आणि टाकी उघडण्याआधी बॅटरी सोडतात.

आता हे दोन बिघाड शेजारी ठेवून पाहा. तुटलेली वायर ‘रिकामी’ दाखवते; मालक घाबरून गॅरेज गाठतो. पत्र्याला टेकलेली वायर ‘भरली’ दाखवते. मालक समाधानाने गाडी हाकतो. तो निरोप टाकीतून आलेलाच नसतो. अर्ध्या वाटेवर कशाला तरी टेकून तो तयार झालेला असतो.

लावदिकीयाच्या मंडळीचा रोग हाच होता. ते शहर सावकारीचे आणि काळ्या लोकरीच्या कापडाचे. आपल्या शहापूरच्या विणकरांना ते परके वाटले नसते. इ. स. ६० च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता ते पुन्हा उभे राहिले. अशा शहरातल्या मंडळीला आपल्याला कशाचीच उणीव नाही असे वाटावे, यात नवल नाही. प्रभूने तिला दरिद्री, आंधळी आणि उघडी म्हटले. आणि हे तिला ठाऊकच नव्हते.

आपल्याही वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो. हजेरी चांगली, वर्गणी वेळेवर, नाताळचा कार्यक्रम उत्तम. हे आकडे खोटे नसतात. पण ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरी सहा महिन्यांत कोणी पाऊल टाकले का, हा प्रश्न त्या अहवालाला विचारता येत नाही. काटा टाळ्यांना टेकलेला असतो.

काटा बंद पडला तर काठी बुडवून मोजता येते, असे कोणी म्हणेल. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचे इंधनाचे काटे चालत नव्हते, म्हणून इंधन टाक्यांत पट्टी घालूनच मोजले. मोजणी बरोबर होती; पण लिटरचे वजन करताना किलोग्रॅमऐवजी पौंडाचा आकडा धरला गेला, आणि गरजेच्या निम्मेच इंधन घेऊन विमान उडाले. आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिक बॉब पिअर्सन यांनी ते तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले. सर्व ६९ जण वाचले. माप हाती असून भागत नाही, ते कोणते हेही पाहावे लागते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौलाने आपसांतच आपले मोजमाप करणाऱ्यांना शहाणे म्हटलेले नाही. शेजारच्या मंडळीपेक्षा आपली हजेरी बरी, हे त्याच जातीचे माप आहे.

दारावर उभा राहून ठोकणाऱ्या प्रभूचे चित्र पुष्कळांच्या घरी आहे. ते वचन आपण सहसा बाहेरच्यांना ऐकवतो. पण ते पत्र मंडळीला लिहिलेले आहे. अहवाल आत वाचला जात होता आणि तो बाहेर उभा होता.

शिक्षकांनो, या महिन्यात हजेरीपट घेऊन बसाल तेव्हा गैरहजर मुलांच्या घरी तुम्ही जालच. ज्याच्या नावापुढे वर्षभर एकही रविवार कोरा नाही, जो कधीच काही विचारत नाही, अशा एका मुलाच्या घरीही एकदा जाऊन बसा.