प्रार्थनेचे स्वातंत्र्य आणि मंदिराचे महाद्वार

देवस्थानच्या कार्यालयात अभिषेकाची पावती करताना भाविकास नाव, गोत्र व गाव विचारले जाते. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप गोत्र लिहिण्याची जुनी वहिवाट आहे. पुढे गाभाऱ्यात गुरुजी संकल्प सांगतात. त्यात देशकालाचा उच्चार होतो, यजमानाचे नाव येते आणि सहकुटुंब सहपरिवार क्षेम, स्थैर्य, आयुरारोग्य व ऐश्वर्य यांची मागणी होते. मनुष्याने देवापाशी स्वतःसाठी मागावे यात गैर काही नाही. संकटात सापडून आर्त झालेल्या भक्तालाही गीतेने भक्तांच्या मालिकेत स्थान दिले आहे.

परंतु या घरगुती मागण्यांबरोबर आणखी एक मागणी आता भाविकांच्या मुखी वारंवार येते. आपल्या धर्माला स्वातंत्र्य असावे, आपली देवस्थाने निर्वेध चालावीत, सार्वजनिक जीवनात श्रद्धेला मानाचे स्थान असावे, अशी ती मागणी होय. ती कुटुंबाच्या क्षेमाहून मोठी आहे आणि म्हणूनच तिचा अर्थ नीट पाहावयास हवा. स्वतःच्या उपासनेसाठी स्वातंत्र्य मागणारा भाविक दुसऱ्याच्या उपासनेसाठीही तेच मागत असतो काय? आणि ज्याला आपल्या प्रार्थनेत सामील व्हावयाचे नाही, त्याला ती प्रार्थना कोणती जागा देते?

ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करताना जे पसायदान मागितले, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना समाजाने दूर लोटले, त्यांच्या मागण्यात स्वतःचे नाव नाही, कुळाचे नाही, पंथाचेही नाही. दुष्टांचा नाश व्हावा असेही ते मागत नाहीत. दुष्टांच्या ठायी असलेला दुष्टपणा तेवढा जावा, एवढेच मागतात. प्रार्थनेची ही उंची मराठी माणसाला पाठ आहे. ती व्यवहारात उतरविण्याची वेळ आली, तेव्हा काय झाले हे पाहण्यासाठी १९४७ सालाकडे वळावे लागते.

त्या वर्षीच्या एप्रिल महिन्याच्या आरंभी महात्मा गांधी दिल्लीत वाल्मीकी मंदिराच्या आवारात राहत होते. सायंकाळी तेथे सामुदायिक प्रार्थना होई. तीत गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे असत, रामधून असे, त्याचप्रमाणे कुराणातील व पारशी धर्मग्रंथातील वचनेही असत. नोआखली आणि बिहार येथील दंगली होऊन गेल्या होत्या, पंजाब पेटला होता आणि तेथून होरपळून आलेली माणसे दिल्लीत होती. अशा वेळी प्रार्थनेत कुराणातील वचने सुरू होताच सभेतून एकाने हरकत घेतली. हे हिंदूंचे मंदिर आहे, येथे ती वचने नकोत, असे त्याचे म्हणणे होते.

जमलेल्या समुदायाचा कल गांधीजींच्या बाजूचा होता. हरकत घेणाऱ्यास बाहेर काढणे सहज शक्य होते. दुसरा मार्गही मोकळा होता. तेवढी वचने वगळून उरलेली प्रार्थना उरकता आली असती. गांधीजींनी दोन्ही नाकारले. हरकत घेणाऱ्यास कोणी हात लावू नये असे सांगून त्यांनी संपूर्ण प्रार्थनाच थांबविली. कुराणातील वचने गाळून रामाचे नाव घेणे त्यांना मान्य नव्हते, आणि दुसऱ्याचे तोंड बंद करून ते घेणेही मान्य नव्हते. दुसऱ्या दिवशी तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही तसेच. हरकत मागे घेतली गेल्यावर मगच प्रार्थना झाली, आणि ती पूर्ण झाली.

हा प्रसंग वाचताना काही भाविकांना गांधीजींचा हट्ट दिसेल, काहींना हरकत घेणाऱ्याचा. त्या तरुणाच्या मनातील वेदना खोटी होती, असे म्हणण्याचे कारण नाही; त्या दिवसांत अनेकांच्या डोळ्यांदेखत घरे जळाली होती. तथापि विचार करण्याजोगी गोष्ट ही की, शेकडो लोकांची प्रार्थना एका माणसाच्या नकारापाशी थांबली. संख्येने त्याला दडपता आले असते, पण त्या दडपण्यातून जे उरले असते त्याला प्रार्थना म्हणता आले असते काय, हा प्रश्न आहे.

एक महिनाही लोटला नाही तोच पंढरपुरात दुसरी घटना घडली. श्री विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले. गुरुजींचे मूळ नाव पांडुरंग. ज्याच्या नावाने आईवडिलांनी हाक मारली, त्याच्याच दाराशी ते येऊन बसले होते. उपोषणाचा निश्चय आदल्या वर्षीचा, परंतु सेनापती बापट आदींच्या आग्रहावरून तो त्यांनी पुढे ढकलला आणि मधले महिने महाराष्ट्रभर हिंडून गावोगावी सभा घेतल्या. या दौऱ्यात अनेक ठिकाणी देवळे व विहिरी खुल्या झाल्या. पंढरपुरात मात्र विरोध कडवा होता. उपोषणास जागा मिळणे कठीण होऊन बसले, तेव्हा तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना आसरा दिला. एका वारकरी महाराजांचा मठ हा त्या उपोषणाचा आधार ठरला, याची नोंद भाविकांनी अवश्य ठेवावी.

मागणी नवी नव्हती. चौदाव्या शतकात संत चोखामेळा याच विठ्ठलाचे अभंग रचीत होते आणि त्यांना आत प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याच्या वेशीचे बांधकाम कोसळून त्यांचा अंत झाला व त्यांची समाधी महाद्वारासमोर बांधली गेली. जिवंतपणी दाराबाहेर उभे राहिलेले चोखोबा समाधीनंतरही दाराबाहेरच राहिले. विसाव्या शतकात, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारखे सहकारी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवीत राहिले. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ते त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचे आचरण होते व त्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. हळहळ वाटावी ती पाच वर्षे बंद राहिलेल्या त्या दाराबद्दल. आतील मंडळीही आपल्या धर्माचे स्वातंत्र्य राखतो आहोत, असेच म्हणत होती.

पंढरपुरातील उपोषण १० मे रोजी सुटले. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीस आले, बडवे मंडळींची संमती मिळाली आणि मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

येथे एक अवघड मुद्दा आहे. खुद्द गांधीजींना गुरुजींचे हे उपोषण पसंत नव्हते. ते सोडावे असे त्यांनी कळविले होते. गुरुजींनी नम्रपणे, परंतु ठामपणे ते चालूच ठेवले. उपोषण हीदेखील एक प्रकारची सक्ती नव्हे काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही विचारता येईल. एक सर्वप्रिय शिक्षक आपल्या दाराशी प्राण पणास लावून बसला असता नाही म्हणणे सोपे नसते. बडव्यांच्या संमतीत मतपरिवर्तन किती आणि लोकलाज किती, हे कोणी मोजलेले नाही. एवढे मात्र म्हणता येते की गुरुजींनी जो क्लेश निर्माण केला, तो स्वतःच्या देहाला. विरोधकांच्या घरावर कोणी चालून गेले नाही. शिवाय ते स्वतःसाठी काहीच मागत नव्हते. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या गुरुजींना ते दार जन्मापासून उघडेच होते. दुसऱ्यास मिळत नसलेले दर्शन त्यास मिळावे म्हणून त्यांनी अन्न सोडले. धर्मस्वातंत्र्यासाठी केलेल्या प्रार्थनेचे याहून शुद्ध उदाहरण महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

श्रद्धेचे सार्वजनिक जीवनातील स्थान हा प्रश्न पुढे संविधान सभेतही आला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधानाच्या उद्देशिकेवर चर्चा चालू असता ह. वि. कामत यांनी तिचा आरंभ देवाच्या नावाने व्हावा अशी सूचना मांडली. सभागृहात आस्तिकांची वाण नव्हती. अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्यासारखे श्रद्धाळू गृहस्थ होते. देवावर मत देण्याच्या संकटात सभासदांना टाकू नये, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना केली. प्रत्येक माणसाच्या इतक्या जिव्हाळ्याच्या बाबतीत समूहाचे मत कोणावर का लादावे, असे हृदयनाथ कुंझरू यांचे म्हणणे पडले. मतदान झालेच. सूचनेच्या बाजूने ४१ व विरुद्ध ६८ मते पडली. कामतांना फार दुःख झाले आणि त्यांचे दुःख अनेक भाविकांना आजही आपलेसे वाटेल. परंतु त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यास व लोकप्रतिनिधीस ईश्वरसाक्ष शपथ घेण्याची मुभा आहे आणि ज्याला ती घ्यावयाची नाही त्याला गांभीर्यपूर्वक दृढकथन करण्याचीही मुभा आहे. देवाचे नाव तेथे आहे. ते घेणाऱ्याच्या मुखी ठेवले आहे, एवढाच फरक.

अनुच्छेद २५ ने प्रत्येक व्यक्तीस सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. त्याच अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्यास दिला. काळारामाच्या दाराशी जे मिळाले नाही, ते येथे लिहिले गेले. अनुच्छेद २६ ने धर्मसंप्रदायांना आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था पाहण्याचा हक्क दिला.

दानशूर भाविकांच्या दृष्टीने या शेवटच्या हक्काची एक हकीकत उपयुक्त ठरेल. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली झाला आणि महाराष्ट्रातील बहुतेक देवस्थानांचे हिशेब व नोंदणी आजही त्याच्याच चौकटीत, धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली चालते. त्यातील काही कलमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागण्यात आली व १९५४ मध्ये निकाल लागला. हिशेबांवरील देखरेख न्यायालयाने योग्य ठरविली, परंतु धार्मिक विश्वस्तव्यवस्थेच्या विश्वस्तपदी धर्मादाय आयुक्तांना बसविण्याची तरतूद, तसेच धर्मकार्यासाठी दिलेला निधी मूळ हेतू साध्य होण्याजोगा असतानाही अन्यत्र वळविण्याची मुभा अवैध ठरविली. दात्याने ज्या कार्यासाठी दान दिले, त्या हेतूस या निकालाने मोठे संरक्षण लाभले. ही दाद मागणारे कोण होते? एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त. त्यांच्या लढ्याचे फळ आज गावोगावच्या हिंदू देवस्थानांना मिळते आहे. अभिषेकाच्या पावतीवर त्यांची नावे येत नाहीत, गोत्र तर नाहीच.

पंढरपुरास जाणाऱ्या यात्रेकरूस महाद्वारापाशी चोखोबांची समाधी लागते. समोर नामदेव पायरी आहे. जुन्या प्रघातास अनुसरून वारकरी आधी चोखोबांपुढे माथा टेकतो, मग नामदेवांच्या पायरीस हात लावून आत जातो. १९४७ पूर्वीही हा क्रम असाच होता. तेव्हा त्या समाधीस नमस्कार करून चोखोबांच्याच जातीचा वारकरी तेथूनच माघारी फिरत असे.