हसलेले अनारसे

आमच्या घरी लागोपाठ दोन दिवाळ्यांना अनारसे हसले. तुपात सोडले की जाळी पडायच्या ऐवजी ते विरघळून पसरत, आणि तो चुरा आम्ही मुकाट्याने चमच्याने खात असू. दुसऱ्या वर्षी मात्र कुजबुज सुरू झाली. धाकटा भाऊ म्हणाला, "आईचा हात आता बसत नाही. पुढच्या खेपेला कढईपाशी सूनबाईंना बसू द्या." आधीच्या चाळीस वर्षांची आठवण कुणी काढली नाही, पिठाचा डबा उघडून पाहण्याचेही कुणाला सुचले नाही.

मला आठवला इंग्लंडातला हुजूर पक्ष. (पुस्तकी माणसाला स्वयंपाकघरातही दुसरे काय आठवणार!) १९४५ च्या जुलैत, युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलना मतदारांनी घरी बसवले आणि मजूर पक्षाला ३९३ जागा दिल्या. चर्चिल तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यांनी आता विश्रांती घ्यावी असे पक्षातल्या कित्येकांना मनातून वाटे. पण अशा माणसाला दार कोण दाखवणार? ते राहिले, १९५० साली पुन्हा हरले, आणि १९५१ साली, वयाची शहात्तर वर्षे उलटल्यावर, पंतप्रधान झाले. तेही मजूर पक्षाला त्यांच्याहून अधिक मते पडलेली असताना!

निष्ठेचे हे फळ, असे आपण पटकन म्हणून टाकू. पण मधल्या काळात काय घडले तेही पाहावे. १९४७ साली बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक औद्योगिक सनद तयार केली. कोळशाच्या खाणी आणि रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या, त्या तशाच राहतील, हे तिच्यात हुजूर पक्षाने कबूल केले. चर्चिलना ती फारशी रुचली नव्हती. लॉर्ड वूल्टननी पक्षाची संघटना नव्याने बांधली. कढईपाशी हात जुनाच होता, पीठ मात्र दुसरे मळले गेले होते.

या निष्ठेची किंमतही होती. १९५३ च्या जूनमध्ये चर्चिलना पक्षाघाताचा झटका आला. लोकांना तो कळू दिला नाही. वारस म्हणून वर्षानुवर्षे ताटकळलेल्या ईडनना पद मिळाले १९५५ च्या एप्रिलमध्ये, आणि सुएझच्या प्रकरणानंतर १९५७ च्या जानेवारीत ते गेलेही. कृतज्ञता दाखवली पक्षाने, आणि तिचे देणे बरेचसे फेडले ईडननी, असे मला वाटते.

हीथ यांची गोष्ट उलटी. त्यांनी चार निवडणुका लढवल्या, तीन हरल्या. १९७४ च्या फेब्रुवारीत मते अधिक पडूनही जागा कमी पडल्या; ऑक्टोबरात जागा २७७ वर आल्या. तरी ते उठेनात. अखेर ४ फेब्रुवारी १९७५ रोजी पक्षाच्या खासदारांनी थॅचरबाईंना १३० आणि त्यांना ११९ मते दिली. हीथ २००१ पर्यंत त्याच सभागृहात बसले, पण हा घाव त्यांनी कधी विसरला नाही. आणि थॅचरबाई? लागोपाठ तीन निवडणुका जिंकलेल्या या बाईंनाही १९९० च्या नोव्हेंबरात त्याच पक्षाने खाली उतरवले. एकदाही न हरलेल्या पुढाऱ्याला! म्हणजे झालेल्या पराभवापेक्षा येऊ घातलेल्या पराभवाचे भयच पक्षाला अधिक छळते.

यात अन्याय आहे का? पराभवात पुढाऱ्याचा दोष नसेलही; पण दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. दुसऱ्यांनी राबून मिळवलेल्या विजयाचे हार ज्याने गळ्यात घालून घेतले, त्याला पराभव नाकारता येत नाही. मात्र ज्यांनी काल बैठकीत माना डोलावल्या, त्यांनी आज सगळे खापर एकाच डोक्यावर फोडावे, हेही मला सोवळेपणाचे ढोंग वाटते. एका पराभवानंतर मी तरी पुढाऱ्याला काढणार नाही. "आपले काय चुकले?" एवढेच त्याला विचारीन. "लोकच चुकले," असे तो म्हणाला, तर मात्र त्याची मागची पुण्याई कितीही असो, त्याने उठावे. उपकारांची फेड आदराने करावी, मानाने करावी. पद ही काही त्यासाठी द्यायची बिदागी नव्हे.

तिसऱ्या दिवाळीला आई आपण होऊन बाजूच्या पाटावर सरकली आणि सूनबाई कढईपाशी बसल्या. पहिलाच अनारसा तुपात पडला आणि खळखळून हसला. सगळे गप्प. आईने डबा जवळ ओढला, पीठ दोन बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाली, "गूळ जास्त झालाय. मीच घातला होता. जा, मूठभर तांदळाची पिठी आण."