आशेचा खर्च कोणाच्या खात्यावर?

आशावादाची शिकवण हल्ली फार स्वस्त झाली आहे. सकाळी मोबाइल उघडला की उगवत्या सूर्याच्या चित्रावर चार ओळी हजर असतात. सगळं चांगलंच होणार आहे, फक्त विश्वास ठेवा! विचारी माणूस या माऱ्याला वैतागतो आणि त्या वैतागात आशावादालाच भाबडेपणा ठरवून मोकळा होतो. इथे गल्लत होते. हे मला जमेल असं मानणं वेगळं आणि ते जमल्याची चित्रं रंगवत बसणं वेगळं. जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वजन कमी करण्याच्या उपचारासाठी आलेल्या स्त्रियांवर होता. आपलं वजन उतरेल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांचं ते अधिक उतरलं. बारीक झाल्याच्या सुखस्वप्नांत ज्या रमत होत्या, त्यांचं मात्र कमी उतरलं. स्वप्नातच फळ चाखून झालं की हातपाय हलवायची निकड उरत नसावी. म्हणजे सकाळचे ते संदेश नुसते निरुपयोगी नाहीत, थोडे अपायकारकही असू शकतात.

मग निवडण्याजोगा आशावाद दिसतो कसा? अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे याचं चांगलं उदाहरण. पर्जन्यछायेतलं गाव, बेताचाच पाऊस, उजाड डोंगर, दारूच्या भट्ट्या आणि पोटासाठी मुंबई-पुण्याची वाट धरणारी माणसं अशी त्याची एकेकाळची ओळख. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली, श्रमदान सुरू झालं, डोंगरउतारावर समतल चर खणले गेले. ही कहाणी एव्हाना शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. तिच्यातला एक भाग मात्र पुरेसा सांगितला जात नाही आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. किती पाऊस पडला, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल, हे आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. पाऊस कमी झाला असेल तर पेराही कमी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं लावायची नाहीत. वरुणराजा यंदा कृपा करील, असं तिथे कोणी गृहीत धरत नाही. आकाशाबद्दल हे गाव पक्कं संशयी आहे. त्याची आशा आहे ती एकमेकांच्या वागण्यावर. ठरवलेलं आपण पाळू, शेजारीही पाळेल, एवढीच.

यावर आक्षेप येतो की अशी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फसलेल्या आदर्श गावांची गोष्ट कोण सांगतं? आक्षेप खरा आहे. चर खणले की गाव सुधारतंच, असं म्हणता येणार नाही. पण चर न खणता सुधारलं नसतं, एवढं नक्की म्हणता येईल. ज्या गोष्टींच्या कारणांत आपलं वागणं हेही एक कारण असतं, तिथे ‘काही होणार नाही’ हे भाकीत तटस्थ राहत नाही. ते स्वतःच कारणांच्या यादीत जाऊन बसतं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. आशावादानंच मोठी नुकसानं केली आहेत, असं कोणी म्हणालं तर गोसीखुर्दकडे बोट दाखवता येईल. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. तीन दशकं उलटली तरी कामं पुरी झाली नव्हती. कागदावरच्या त्या पहिल्या आकड्यातही आशाच होती की! (त्या आकड्यात आशेखेरीज आणखी काय काय होतं, हा वेगळ्या लेखाचा विषय.) फरक असा की, हिवरे बाजारात अंदाज चुकला तर अंदाज करणाऱ्याचंच रान कोरडं राहतं. गोसीखुर्दमध्ये आकडा मांडणारे बदलून गेले आणि झळ सोसली ती गाव सोडावं लागलेल्यांनी व पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांनी. माझ्या लेखी आशावादाची नैतिक कसोटी इथे लागते. आशा खोटी ठरली तर किंमत कोण मोजणार, हा प्रश्न तिला विचारायला हवा.

रोजच्या जगण्यात हा प्रश्न फार लांबचा नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला ‘धीर धर, सगळं ठीक होईल’ असं सांगणाऱ्याचं काय जातं? उलट उद्या ठीक झालं नाही, तर धीर कमी पडल्याचा दोषही त्याच बिचाऱ्याच्या माथी. संकटातल्या माणसाला आशावादाचा उपदेश करणं क्रूर आहे, हा आक्षेप म्हणूनच मला पूर्ण मान्य आहे. निराश होण्याचा त्याचा हक्क कोणी काढून घेऊ नये. आशावाद निवडण्याची जबाबदारी पडते ती ज्याच्याकडे थोडी उसंत आणि चार पैसे आहेत त्याच्यावर. त्या कर्जबाजारी माणसाच्या मुलीची वर्षाची फी भरणारा, बँकेत त्याच्यासोबत जाऊन कागद वाचून घेणारा शेजारी ‘ठीक होईल’ हे शब्द उच्चारणारही नाही कदाचित. पण पुढच्या वर्षी ती मुलगी वर्गात बसलेली असेल, हे त्यानं गृहीत धरलेलं असतं, आणि तसं घडलं नाही तर गेलेले पैसे त्याचेच असतात.